अंतराळयानाची बोळकांडी

गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांतलं एक पत्र मी मुद्दाम बाजूला काढून ठेवलं होतं. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका भगिनीचं. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून छापत नाही. त्या लिहितात :

"ताई, माझा मुलगा आठवीत आहे. अंतराळयानांच्या सिनेमांतले ते हातपाय हलणारे बाहुले जमवायचा त्याला नाद आहे. काही मामाने दिलेले, काही वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेले, असे सतरा झाले. आता त्यांच्यासाठी त्याला यानातला लांबलचक पॅसेज करायचा आहे. दार लावून बसतो आणि त्याचीच चित्रं काढतो. सासूबाई म्हणतात, घोडा झाला तरी बाहुल्या खेळतो. त्याच्या वडिलांनी तर सांगूनच टाकलंय की नववी सुरू होण्याआधी ही अडगळ भंगारवाल्याला देणार. ते बोलतात तसं करतात. माझं मुलाशी हल्ली 'जेवलास का' याच्यापलीकडे बोलणं होत नाही. मी काय करावं?"

या सदरात आपण जुन्या साड्यांच्या गोधड्या केल्या, नारळाच्या करवंट्यांचे दिवे केले. अंतराळयान पहिल्यांदाच. पण पत्र वाचल्यावर मला हसू आलं नाही, कारण मागच्या मे महिन्यात आमच्या घरी हाच उद्योग झाला. बैठकीच्या खोलीतल्या दिवाणावर दीड मीटर लांबीचा पॅसेज उभा राहिला. तेव्हा ऐकीव सांगत नाही. त्या भगिनींना माझं उत्तर आहे, करू द्या. नुसतं करू द्या असं नाही, तुम्हीही त्यात हात घाला. कसा, ते सविस्तर सांगते.

आधी 'बाहुल्या' या शब्दाचं बघू, कारण घरातली निम्मी कुरबुर त्यावरूनच आहे. १९६४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो नावाचा बारा इंची सैनिक बाजारात आणला. कपडे बदलता येणारा, सांधे वळणारा, म्हणजे सरळसरळ बाहुलाच. पण बाहुली म्हटलं तर मुलगे हात लावणार नाहीत आणि बापही पैसे काढणार नाहीत, म्हणून कंपनीने त्याला 'ॲक्शन फिगर' असं नवं नाव दिलं. तेव्हा सासूबाईंचं म्हणणं अगदीच चूक नाही बरं का! फक्त साठ वर्षांपूर्वी त्या कंपनीलाही हीच धास्ती होती, एवढं त्यांना सांगा.

पुढे १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' हा सिनेमा आला आणि १९७८ पासून केनर कंपनीने त्यातल्या पात्रांचे पावणेचार इंची बाहुले दुकानांत आणले. उंची कमी ठेवल्यामुळे त्यांच्यासाठी यानं, मोटारी, खोल्या करणं परवडू लागलं. १९८२ मध्ये जी. आय. जोसुद्धा त्याच मापात आला. हे माप लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल, आणि नवऱ्याच्या बाबतीतही उपयोगी पडेल. ते कसं, तेही सांगते.

आता मापाचं. दिवाळीत आपली मुलं किल्ला करतात तेव्हा महाराज दरवाजापेक्षा उंच असतात आणि वाघ बुरुजाएवढा. तिथे ते शोभतं. इथे नाही. इथे बाहुला दारातून आत जाताना खरा वाटला पाहिजे, आणि ते सगळं मापावर अवलंबून आहे. पावणेचार इंच म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटर. त्याची अठरा पट केली की १७१ सेंटिमीटर होतात, म्हणजे आपल्यासारखा धडधाकट माणूस. म्हणून या मापाला एकास अठरा म्हणतात. सहा इंची बाहुले असतील तर ते एकास बारा. तुमच्याकडे कोणते आहेत ते पट्टीने मोजून मगच कामाला लागावं. दोन्ही असतील तर एकाच मापाचे निवडावेत, खिचडी करू नये.

आमचे पावणेचार इंची होते. त्यांच्यासाठी आम्ही पॅसेजची आतली रुंदी १६ सेंटिमीटर आणि उंची १८ सेंटिमीटर धरली. दार १२ सेंटिमीटर उंच. खऱ्या मापात दार सात फुटांचं होतं, पॅसेज साडेनऊ फूट रुंद होतो. खरं तर थोडा ऐसपैसच झाला, पण आत हात घालून बाहुला उभा करायचा तर एवढी जागा लागते. सहा इंची बाहुल्यांसाठी ही सगळी मापं सरळ दीडपट करावीत.

लांबी दीड मीटर. अठरा पट केली की २७ मीटर. मी ज्या शाळेत अर्धवेळ शिकवते तिथला व्हरांडा साधारण तेवढा असेल. पण दीड मीटरचा एकसंध डबा दोन खोल्यांच्या घरात कोण ठेवणार? म्हणून तीस-तीस सेंटिमीटरचे पाच भाग करायचे. खेळताना एकापुढे एक लावायचे, संध्याकाळी एकावर एक रचून पलंगाखाली सरकवायचे. माझ्या मते या साऱ्या प्रकारातली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट हीच. पाहुणे आले की पाच मिनिटांत दिवाण मोकळा झाला, तर घरातल्या मोठ्या माणसांचा विरोध निम्म्याने उतरतो.

सामान काय लागतं? वाण्याकडून आणलेली पुठ्ठ्याची खोकी. त्यांत तीन पदरी आणि पाच पदरी असे दोन प्रकार येतात. जमिनीला आणि मागच्या भिंतीला पाच पदरी, बाकी सगळ्याला तीन पदरी. पुठ्ठ्याच्या आत नागमोडी नळ्या असतात, त्या भिंतीत उभ्या येतील अशा बेताने कापावं, म्हणजे भिंत वाकत नाही. गावात फ्लेक्सचे बोर्ड करणारा असेल तर त्याच्याकडे सनबोर्डचे तुकडे मागावेत, कापून उरलेले बरेचदा नुसते पडलेले असतात. कमानींसाठी सनबोर्ड फार छान, कडा स्वच्छ निघतात. थर्माकोल मात्र नको. २०१८ साली आपल्या राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून मखरंसुद्धा पुठ्ठ्याचीच करायला लागलो आहोत आपण. शिवाय फवाऱ्याचा रंग लागला की थर्माकोल विरघळतो. चिकटवायला फेव्हिकॉल. खळ अजिबात वापरू नये, तिच्या वासाने झुरळं येतात आणि पुठ्ठा कुरतडतात.

आता कापणं. आणि इथे मैत्रिणींनो, आपला हात आहे. ब्लाउज बेतताना आपण काय करतो? आधी कागदाचा खाका, मग कापड. इथेही तसंच. अंतराळयानाचा पॅसेज यानाचा वाटतो तो त्याच्या कमानींमुळे. एकसारख्या कमानी एकापाठोपाठ एक दिसल्या की नजर आत ओढली जाते. तेव्हा जाड कागदावर एकच कमान नीट आखावी आणि तीवरून बाकीच्या गिरवाव्यात. प्रत्येक वेळी नव्याने मोजू नये. मोजलं की चुकतं, गिरवलं की चुकत नाही.

कमानीचं बाहेरचं माप २० बाय २२, आतलं १६ बाय १८, म्हणजे दोन सेंटिमीटरची पट्टी झाली. छताकडचे दोन्ही कोपरे तिरके घ्यावेत. आतल्या कोपऱ्यापासून ४ सेंटिमीटर खाली आणि ४ सेंटिमीटर आडवं मोजून दोन्ही खुणा जोडायच्या. चौकोनी पॅसेज दवाखान्याचा वाटतो, कोपरे छाटले की यानाचा. दर दहा सेंटिमीटरवर एक कमान, अशा सोळा लागतात.

त्या तिरक्या भागावर पुठ्ठ्याची पट्टी बसवायची तर ती किती रुंद हवी? मी टेप काढत होते. चिरंजीव म्हणाले, "आई, थांब." वहीच्या मागच्या पानावर त्याने चाराचा वर्ग अधिक चाराचा वर्ग केला, बत्तीस आले, त्याचं वर्गमूळ काढलं आणि ५.६६ लिहिलं. आम्ही ५ सेंटिमीटर ७ मिलिमीटरची पट्टी कापली. ती अशी फिट्ट बसली, की दोघंही क्षणभर बघत राहिलो. पायथागोरसचं प्रमेय परीक्षेत त्याने दोनदा चुकवलेलं होतं. मी बी. ए. झालेली, माझा गणिताशी संबंध दहावीनंतर सुटला. पण त्या दिवशी मला ते पहिल्यांदा दिसलं म्हणा ना.

कटर मुलाच्या हातात द्यावा का? आठवीतल्या मुलाच्या हातात द्यावा, पण तुम्ही शेजारी बसून. स्टीलची पट्टी, खाली जुना प्लायवूडचा तुकडा, आणि एका फटक्यात कापायची घाई नाही. हलक्या हाताने चार-पाच वेळा रेघ ओढली की पुठ्ठा आपोआप सुटतो. पट्टी धरलेल्या हाताची बोटं कधीही पात्याच्या वाटेत नकोत. पातं बोथट झालं की लगेच मोडून नवं टोक घ्यावं. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ते सटकतं.

भिंती जोडण्याआधी एक करावं. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या वहीचे कोरे कागद पातळ फेव्हिकॉलने चिकटवून, वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर वाळवावं. एकाच बाजूला लावलं तर पापडासारखा वाकतो. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की सरळ राहतो. जमीन आणि मागची भिंत पक्की जोडायची. छत डब्याच्या झाकणासारखं सुटं. पुढची भिंतही वेगळी करून नुसती टेकवायची, म्हणजे खेळताना काढता येते आणि टोकाकडून आत बघताना लावता येते. म्हणून प्रत्येक कमानीचेही तीन तुकडे करून ज्या त्या भागाला चिकटवायचे. दोन भागांच्या सांध्यावर येणारी कमान मात्र सुटी ठेवून वरून सरकवायची. जोड दिलेल्या कापडावर आपण लेस लावून शिवण झाकतो ना, तसंच हे.

इथवर आठवडा गेला. दिसायला मात्र अजून खोकंच दिसत होतं. मुलगा थोडा हिरमुसला. त्यानंतरचा भाग सगळ्यांत मजेचा, आणि त्याचा थोडा इतिहास सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

'स्टार वॉर्स'चे सेट लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत उभे राहिले. पैसा बेताचा होता. रॉजर ख्रिश्चन नावाचे गृहस्थ सेटच्या सजावटीचं काम बघत. त्यांनी काय केलं, तर जुन्या विमानांचं भंगार स्वस्तात विकत आणलं, सुटे भाग वेगळे केले, आणि तेच यानांच्या भिंतींवर बसवले. लूकच्या हातात ती उजेडाची तलवार आहे ना, तिची मूठ म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा! याच कामासाठी कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं त्या चमूत ते होते. पुढे १९७९ च्या 'एलियन'मधल्या यानाच्या आतल्या भागातही त्यांनी विमानांचं भंगार वापरलं. (तो सिनेमा मुलांना दाखवू नका, रात्री झोपणार नाहीत. मीही अर्धा डोळे झाकून पाहिला.) बाहेरून दिसणाऱ्या छोट्या यानांवर बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या नि विमानांच्या खेळण्यातल्या सुट्या तुकड्यांची दाटी केली होती. अशा शोभेच्या तुकड्यांना हे छंदवाले 'ग्रीबल' म्हणतात. काही काम करत नाहीत, पण काहीतरी करत असावेत असं वाटतं.

थोडक्यात, टाकाऊतून टिकाऊ. ज्या वडिलांना ही अडगळ भंगारात द्यायची आहे, त्यांना हेही सांगायला हरकत नाही की मूळ यानंच भंगारातून आली आहेत.

मग मी घरातले डबे उपडे केले. टूथपेस्टची झाकणं, संपलेली रिफिलं, तुटका कंगवा, मोडक्या रिमोटमधली हिरवी पट्टी, सरबताच्या नळ्या, कांद्याच्या पिशवीची जाळी. गोळ्यांची रिकामी पाकिटं उलटी चिकटवली की दिव्यांच्या रांगा होतात (एकही गोळी आत राहिलेली नाही हे स्वतः बघावं). आणि शिवणाचा डबा! टिचबटणं, हुक, मशीनच्या जुन्या बॉबिन, तुटलेली चेन. चेनची एक बाजू भिंतीवर आडवी लावली तर ती चेन आहे हे सांगूनही पटत नाही. चहाची मोडकी गाळणी आमच्याकडे हवा खेळण्याचा झरोका झाली. जमिनीला कपाटाच्या खणात अंथरतात ती जाळीची रबरी चटई, तिच्याखाली काळा कागद.

मात्र हात आवरावा लागतो. मुलाला वाटतं, जागा दिसली की चिकटव. रांगोळीत मोकळी जागा सोडली नाही तर तिचा चिखल होतो, तसाच भिंतीचाही होतो. आम्ही नियम केला : बाहुल्याच्या कमरेच्या उंचीवर एक आडवी रेघ पूर्ण पॅसेजभर न्यायची, तुकडे त्या रेघेच्या आसपास, तिच्या वर बरीचशी भिंत कोरी. एक मोठा तुकडा, दोन मधले, चार-पाच बारीक, असा पुंजका. आणि तोच पुंजका दोन भाग सोडून पुन्हा. खऱ्या यानातही एकच यंत्र जागोजागी बसवलेलं असणार, नाही का?

एक सूचना फार महत्त्वाची. जुन्या घड्याळांतले, खेळण्यांतले चपटे बटणसेल या कामात वापरू नका आणि डब्यातही ठेवू नका. घरात लहान मूल असेल आणि त्याने तो गिळला तर काही तासांत अन्ननलिका जळते. असं झालं तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठावा.

रंगाने सगळी जादू होते. तोवर भिंतीवर टूथपेस्टचं झाकण हे झाकणच दिसतं. सगळ्यावर एकच राखी रंग बसला, की झाकण नाहीसं होतं आणि यंत्र उरतं. घराला रंग दिल्यावर उरलेला पांढरा प्लॅस्टिक पेंट होता, त्यात काळा स्टेनर घालून आम्ही राखी केला. 'स्टार वॉर्स'च्या सुरवातीचा तो प्रसिद्ध पॅसेज पांढराशुभ्र आहे आणि मुलाला तोच हवा होता. मी म्हटलं, पांढऱ्यावर प्रत्येक वाकडी कड दिसेल. पहिल्या खेपेला राखीच बरा. वाळल्यावर काळ्या रंगाचं पातळ पाणी करून सगळीकडे लावायचं आणि लगेच फडक्याने पुसून घ्यायचं. उंचवटे स्वच्छ होतात, खाचांत काळं राहतं. तेलकट ओट्याच्या सांध्यांत जे बसतं आणि आपल्याला आयुष्यभर छळतं, तेच इथे मुद्दाम आणायचं. शेवटी ब्रशला फिका राखी रंग लावून तो कागदावर जवळजवळ पूर्ण पुसून टाकावा आणि उरलेल्या कोरड्या ब्रशने कडांवरून हलका हात फिरवावा. कडा उजळतात, पत्र्यासारख्या दिसतात. आमच्या सासूबाई इतके दिवस लांबून बघत होत्या. रंग झाल्यावर जवळ आल्या, बोट लावून म्हणाल्या, "पत्रा कुठून आणलास?"

आता दिवे, आणि आता नवऱ्याचं.

त्या भगिनींना मी स्पष्ट सांगते. 'मुलाचा छंद आहे, असू द्या' असं यजमानांना समजावत बसू नका. त्याने वाद वाढतो. त्यांना काम द्या. आमच्याकडे दिव्यांची एल. ई. डी. पट्टी आणली, यू. एस. बी.वर चालणारी, पाच व्होल्टची. मुलांच्या कामात भिंतीतल्या प्लगचा करंट थेट आणूच नये. पाच भागांसाठी पट्टी पाच ठिकाणी तोडायची आणि वायरीने जोडायची होती. पट्टीवर कात्रीची खूण असते तिथेच ती तोडायची, पण जोडायला डाग द्यावे लागतात, आणि ते मला येत नाही. मी यांना म्हटलं, तुम्ही कॉलेजात असताना रेडिओ दुरुस्त करत होतात ना? यांनी चष्मा काढला, पट्टी पाहिली, 'हे असं नाही जोडायचं' म्हणाले आणि खाली बसले. रात्री अकरापर्यंत बसले होते.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली आला. आत जी. आय. जोचे सहा शिपाई, एकाचा अंगठा तुटलेला. फनस्कूल कंपनीने, जिचा कारखाना गोव्यात आहे, हे शिपाई आपल्या देशात काढले होते, आणि नव्वदच्या दशकातल्या कित्येक मुलांकडे ते होते. माप तेच, पावणेचार इंच! लग्नाला चौदा वर्षं झाली, मला त्या डब्याचा पत्ता नव्हता. ते सहाही जण पॅसेजमध्ये बेतोबेत उभे राहिले. तेव्हा तुमच्या यजमानांचं वय चाळिशीच्या आगेमागे असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा माळा बघून घ्या.

दिव्यांचं राहिलेलं सांगून टाकते. पट्टी उघडी दिसता कामा नये, नुसते ठिपके दिसतात. छताच्या मधोमध फट ठेवून तिच्यावर बटरपेपर लावावा आणि पट्टी त्याच्या वर दोन बोटं अंतरावर. उजेड सारखा पसरतो. वर हवा जायला जागा सोडावी, आणि रात्री झोपताना वायर काढून ठेवावी.

टोकाला काय? दोन उपाय आहेत. एक म्हणजे आरसा. शेवटच्या भागाच्या टोकाला पॅसेजच्या मापाचा आरसा लावला की लांबी दुप्पट दिसते. पण आपलंच तोंड त्यात दिसतं, म्हणून तो थोडा तिरका करावा लागतो. दुसरा मला जास्त आवडला. शेवटच्या भागातल्या कमानी क्रमाने लहान करायच्या, म्हणजे पूर्ण मापाची, मग नऊ दशांश, मग आठ दशांश, अशा, आणि जमीन किंचित चढती ठेवायची. आगगाडीचे रूळ लांबवर जवळ येताना दिसतात ना, तीच फसवणूक. त्या भागात बाहुला मात्र उभा करू नये, राक्षस दिसतो.

खर्च आमचा सगळा मिळून हजाराच्या आत राहिला. त्यात दिव्यांची पट्टी आणि कटरची पाती महाग. वेळ तीन आठवडे, रोज दुपारी दीड तास. वेळ ठरवून घ्यावा आणि पाळावा. परीक्षेच्या दिवसांत डबे पलंगाखालीच राहतील हे आधी बोलून घ्यावं. यजमानांची नववीची काळजी खोटी नाही, तिला असंच उत्तर देता येतं. आणि त्याच्या वाटचं काम तुम्ही उरकू नका, वाकडं झालं तरी. आपल्याला सवय असते पटकन नीट करून टाकायची.

पत्रातलं शेवटचं वाक्य राहिलं, 'जेवलास का' याच्यापलीकडचं. त्याबद्दल मला एवढंच सांगता येईल. समोर बसवून विचारलं की या वयाची मुलं गप्प होतात. हात कामात असले आणि नजर पट्टीवर असली की बोलतात. आमच्याकडे पाचव्या की सहाव्या दिवशी, नवव्या कमानीच्या सुमारास, मान वर न करता त्याने सांगितलं की शिकवणीला तो मागच्या गल्लीने का जातो. पुढच्या रस्त्यावर तीन मुलं उभी असतात. वर्षभर चाललं होतं. मीही मान वर केली नाही, कापत राहिले, आणि ऐकलं. पुढे आम्ही त्याचं काय केलं तो या सदराचा विषय नाही. पण वर्षभरात मी त्याला हजार वेळा विचारलं असेल, काय झालंय म्हणून.

आता पावसाळ्याचं. पुठ्ठा दमट हवेत मऊ पडतो, कोकणातल्या भगिनींनी तर जास्तच जपावं. रंगावर पाण्यात मिसळणाऱ्या व्हार्निशचा एक हात द्यावा, तळालाही द्यावा, तिथूनच ओल चढते. डबे फरशीवर न ठेवता दोन पाट्यांवर ठेवावेत. धूळ ओल्या फडक्याने पुसू नये, रंगाच्या मऊ ब्रशने झटकावी.

सरकतं दार करायचं असेल तर दाराच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे दुहेरी थर देऊन मधे फट ठेवावी आणि दाराला फाइलच्या प्लॅस्टिक कव्हरचा तुकडा चिकटवावा, म्हणजे ते न अडकता सरकतं. आमचं दार वर जाणारं आहे, दोऱ्याने ओढायचं. आडवं सरकणारं कुणी केलं, तर कसं केलं ते मला जरूर लिहा.